न वाचल्या गेलेल्या टेप

नाशिकजवळच्या सातपूरमधल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, मी बारा वर्षं कॉम्प्युटर विभाग सांभाळला. दर शनिवारी कंपनीचा सगळा डेटा टेपवर उतरवायचा, वर तारीख लिहायची आणि टेप कपाटात ठेवायची, हे माझं काम. स्क्रीनवर 'बॅकअप पूर्ण' असं आलं की मी निर्धास्त. एखादी टेप परत लावून ती वाचता येते का, हे मी कधी पाहिलंच नाही.

दोन हजारनंतर कंपनीनं टेप बंद करून डेटा इंटरनेटवरून मुंबईतल्या सर्व्हरवर ठेवायचं ठरवलं. मी जुन्या टेप त्यावर चढवायला घेतल्या. नव्वदच्या दशकातली एकही वाचली जाईना. काहींना बुरशी, काही चक्क कोऱ्या. मॅनेजर म्हणाले, जुनं कोण मागतंय, सगळं हलवलं असं लिहून द्या. मी सही केली. टेप भंगारात गेल्या.

कामगारांच्या दरवर्षीच्या छातीच्या तपासण्यांच्या नोंदी त्यांतच होत्या. मूळ कागद कधीच रद्दीत गेले होते.

सहा महिन्यांनी आमच्याच फाउंड्रीतला, सुरगाण्याकडचा एक कामगार मला भेटायला आला. साच्यांची वाळू झाडण्यात त्याची उमर गेली होती. धाप लागते म्हणून त्याला घरी बसवलं होतं. आजार कामामुळेच जडला हे ठरवायला सरकारी दवाखान्यानं जुने रिपोर्ट मागितले होते. जिना चढून आल्यावर बराच वेळ त्याला बोलता येईना. नोंदी राहिल्या नाहीत, असं मी त्याला सांगितलं.

"दर वर्षी छातीचा फोटो काढत व्हते ना, साहेब," तो म्हणाला. "मंग त्यात काय निघालं?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. त्याच्या फुप्फुसावरच्या डागाची नोंद मीच टाइप केली होती, सलग तीन वर्षं.

हे कागदावर लिहून सही करायला मला चार महिने लागले. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही. कागद घेऊन जीपनं त्याच्या पाड्यावर पोचलो, तेव्हा त्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्याची बायको अंगणात नागली पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"म्हंजे तुमाला ठाव व्हतं," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. तिनं कागद घेतला, घडी घातली आणि ती घरात गेली. परत बाहेर आली नाही.