डॉक्टर खारेपाटणात, गाय गोठ्यात

मी सरकारवर सहसा खूश नसते. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण काही मी केलेली नाही, पण तिचा अनुभव मनसोक्त घेतला आहे. त्यामुळे २००६च्या सुमारास आमच्या गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांचा मोबाईल नंबर लाल ऑइलपेंटने रंगवला, तेव्हा मी म्हटलं, रंग फुकट गेला. तोवरची रीत अशी, की जनावर आजारी पडलं की एसटीने दवाखाना गाठायचा आणि कुलूप दिसलं की शिपायाकडे चिठ्ठी ठेवून परत यायचं. आमच्या ह्यांनी मात्र तो नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. कशाला कॅलेंडर खराब करता, असंही मी वर ऐकवलं.

त्याच मे महिन्यात आमची गाय अडली. आमची कसली, माझी. लग्नात ती पाडी, म्हणजे लहानशी कालवड म्हणून माहेरून माझ्याबरोबर आली होती. नव्या घरात पहिलं वर्षभर मी मनातलं जे काही बोलले, ते तिच्याशीच. तिचं हे पहिलं वेत. सकाळपासून कळा देत होती, पण दुपार झाली तरी एक खूर आणि वासराचं नाक एवढंच बाहेर दिसत होतं. शेजारच्या बायका जमल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. गाय आता जाणार, असं सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर राग येत होता.

आमचं घर खोलगट जागेत, तिथे मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. रेंज मिळायची ती वर सड्यावर, उघड्या कातळमाळावरच्या काजूच्या झाडापाशी. हे फोन घेऊन वर धावले. डॉक्टर लसीकरणासाठी खारेपाटणला गेलेले. अंधार पडायच्या आत पोचणं शक्य नव्हतं. पण त्यांनी फोन उचलला. वर म्हणाले, “तुम्ही कट करा, मी लावतो. तुमचा बॅलन्स संपला तर मध्येच अडकाल.”

आता डॉक्टर खारेपाटणात, फोन सड्यावर आणि गाय खाली गोठ्यात. ह्यांचा आवाज आधीच बारीक, त्यात धाप लागलेली. मग शेजारचे आजोबा मध्ये उताराच्या धोंडीवर उभे राहिले. देवळात गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, त्यामुळे आवाज असा की नारळ पडावा.

पहिला प्रश्न आला, “कोणाचो हात बारीक आसा?”

बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला.

“साबण लावून खांद्यापर्यंत धुव. मगे खोबरेल लाव!”

इथवर ठीक होतं. पण आजोबांना मोठ्याने बोलायची एकच पद्धत ठाऊक. पुढचा निरोप असा आला, “बा देवा म्हाराजा! ह्या गरीब गायीच्या वासराचो एक पाय आत दुमडलेलो आसा, तो धरून फुडे ओढूचो आसा म्हाराजा!” आणि अंगणातल्या बायकांनी सवयीने साथ दिली, “व्हय म्हाराजा!”

माझा हात कोपरापर्यंत गायीच्या पोटात. मी ओरडले, “आजोबांनू, देवाक मगे सांगा, आधी माका सांगा!”

वर डॉक्टर ह्यांना विचारत होते म्हणे, “तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का?”

त्यानंतर गाऱ्हाणं आटोपशीर झालं. कळ आली की थांब. कळ सरली की वासराला मागे लोट. खूर मुठीत झाकून घे, नाहीतर आत पिशवी फाटेल. कळ आली की माझा हात असा आवळला जायचा की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तीनदा खूर निसटला. रडत रडत मी गायीला शिव्या घातल्या, डॉक्टरांना घातल्या, भिंतीवरच्या रंगालाही घातल्या. चौथ्यांदा तो मुठीत आला आणि पाय सरळ झाला. मग दोन बायकांनी पाय धरले आणि कळेबरोबर खाली ओढत वासरू बाहेर काढलं. ते हलेना. वरून हुकूम आला, नाकात गवताची काडी घाला, अंग चोळा. वासरू शिंकलं. पाडीच होती. डॉक्टरांनी फोन ठेवला तो हे ऐकल्यावरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चीक मीच काढला, डाव्या हाताने. वाडीभर खरवस गेला. येणारा प्रत्येक माणूस गाय बघून, पाडीच्या कपाळावरून हात फिरवून गेला.

दुपारी डॉक्टर मोटरसायकलवरून आले. धुळीने लाल झालेला चेहरा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा मुलगा. त्यांनी गाय तपासली, इंजेक्शन दिलं, पाडी उभी करून बघितली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“डाव्या हाताने का देताय?” त्यांनी विचारलं. “उजवा दाखवा बघू.”

मनगटापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा पडला होता. त्यांनी एकेक बोट वाकवून बघितलं, कोपर हलवून बघितलं. मग ह्यांना म्हणाले, “हाताला सूज आहे, ह्यांना आरोग्य केंद्रात दाखवून आणा. आणि आठ दिवस दूध तुम्ही काढायचं.”

कालपासून गोठ्यात पन्नास माणसं येऊन गेली होती. माझ्या हाताचं कोणी विचारलं नव्हतं, मलाही सांगावंसं वाटलं नव्हतं. हे दुधाची कासंडी घेऊन गायीपाशी बसले, आणि मी पदराआड तोंड करून रडले.