छप्पर उतरवलेली शाळा

आमच्या गावाला नगरपालिका होती, म्हणून आम्ही त्याला शहर म्हणायचो. अमडापूरच्या पाहुण्यांसमोर तर हटकून म्हणायचो. या शहराची शाळा मात्र इंग्रजांच्या वेळची, मातीच्या भिंतींची आणि कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची होती. लाकडांना उधई लागलेली, वाळवीनं ती पोखरलेली. गुरुजी शिकवत असताना वरून माती गळायची आणि आम्ही पोरी पाटीवर हात आडवा धरायचो. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आता सगळं नवं होणार, असं मोठी माणसं बोलायची, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात आमचे आबा बोलायचे.

आबा म्हणजे आमचे वडील, वांगी-कांदे पिकवणारे, चौथी शिकलेले, आणि पालिकेचे मेंबर. माझी मोठी बहीण अक्का सातवीत होती. तेव्हा सातवीची परीक्षा पास झालेल्या मुलीला पुढं मास्तरीण होता येत असे. आमच्या अख्ख्या आळीत तोवर एकही बाई सातवी झालेली नव्हती. अक्का होणार, हे घरात ठरलेलंच होतं. ती मला समोर बसवून धडे म्हणायला लावायची आणि चुकलं की कान पिळायची. मला तिचा राग यायचा, पण ती मास्तरीण होणार म्हणून मैत्रिणींत मिरवायचे मीच.

सरकारचं म्हणणं होतं की नव्या इमारतीचा निम्मा खर्च गावानं उभा करावा, निम्मा आम्ही देऊ. झालं, कापसाची गाडी बाजारात शिरली की आबा तिच्यापुढं उभे. ओंजळभर कापूस शाळेचा. देवळाच्या ओवरीत ढीग साठायचा, मग तो विकायचा. काही लोक त्यांना टाळायला गाडी मागच्या रस्त्यानं नेत. आबा तिथंही उभे असत. या माणसानं लाज कोळून प्यायली आहे, असं माय म्हणायची, पण हसून.

गावाचा वाटा जमला. सरकारी मंजुरी तेवढी यायची होती. ओव्हरसियर बजावून गेला की कागद हाती येईपर्यंत जुन्या इमारतीला हात लावू नका. आबांना कुठला दम?

"पाडली का बांधाच लागते," ते म्हणाले. "उभी राह्यली तं पुढच्या साली बी उभीच राहीन."

हे गावाला पटलं. आमच्याकडं घराचंही असंच करतात. जुनं उतरवल्याशिवाय भाऊभाऊ गाठीचे पैसे सोडत नाहीत. दसरा झाल्यावर सगळ्यांनी श्रमदान करून छप्पर उतरवलं. कवेलू हातोहात खाली येत होते, रांगेत अक्काही होती, केसांपर्यंत धुळीनं माखलेली. संध्याकाळी वर्गात उभं राहिलं की वर आभाळ दिसत होतं आणि त्याचा सगळ्यांना आनंद झाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चीनशी लढाई सुरू झाली. लढाईच्या निधीसाठी बाजारात सभा भरली. बायांनी अंगावरचे दागिने काढून दिले, मायनं तिची बोरमाळ दिली. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, शाळेचे पैसे पडून आहेत ना? सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. त्या घडीला नाही म्हणू शकेल असा माणूस गावात नव्हता, आणि आबा तर नव्हतेच. शाळेतली हुशार पोर म्हणून थैली अक्काच्या हातून द्यायला लावली. टाळ्या पडल्या. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते. आज दोष द्यायचा म्हटला तर बोट कुणाकडं दाखवावं कळत नाही, म्हणूनच मला जास्त चीड येते.

सरकारनंही मंजुरी थांबवली. आमचे वर्ग गावाबाहेरच्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, एका रिकाम्या शेडमध्ये भरू लागले. कापसाचा हंगाम होता. आवारात गाड्या, गाडीवान, हमाल, बिड्यांचा धूर. सातवीत पोरी मोजून चार. एकीच्या बापानं तिला काढलं, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. अक्का एकटी उरली.

"मेंबरसाहेब, पोरगी एकलीच जाऊन राह्यली का जिनात?" लोक आबांना विचारू लागले.

एका सकाळी आबा तिला म्हणाले, "इमारत होऊ दे बाई, मंग जाय. सातवी कुठी पळून नाही जात."

अक्का "हाव" म्हणाली. माय चुलीकडं तोंड करून बसली.

मी लहान, म्हणून माझी शाळा चालू राहिली. मी परत आले की अक्का विचारायची, सातवीला आज काय शिकवलं? मी शेडच्या दुसऱ्या टोकाला बसायचे, पण कान तिकडं लावून जमेल ते घेऊन यायचे. कोणती नदी, कोणता राजा. कांद्याची रोपं लावता लावता ती ते पाठ करायची. परीक्षा आली आणि गेली. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. मी घरी येऊन दप्तर ठेवायचे आणि ती विचारेल म्हणून उगाच तिच्याजवळ घुटमळायचे.

आबांनी पुन्हा बाजारात ओंजळ पसरली, बुलढाण्याला खेटे घातले. इमारत उभी केली की लेकीची शाळा परत मिळेल, अशी त्यांची भाबडी समजूत. पण लेक वाढत होती आणि भिंती काही वाढत नव्हत्या. डोणगावचं स्थळ आलं. चांगलं होतं. लग्न झालं.

इमारत पुरी झाली त्या वर्षी मी सातवीत होते. पुढं मास्तरीणही मीच झाले. उद्घाटनाला अक्का आली, कडेवर पहिलं मूल. आबा तिला हौसेनं एकेक वर्ग दाखवत फिरले. मोठ्या खिडक्या, भिंतीतच केलेला सिमेंटचा फळा.

"हा सातवीचा," ते म्हणाले. "अन् हे पाह्य बाई, पोरींसाठी अलग दरवाजा ठेवला."

अक्कानं फळ्यावरून हात फिरवला. मूल रडायला लागलं, त्याला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आबा, मी जिनात एकली बी बसली असती," ती म्हणाली. "तुम्ही मले पुसलंच नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाहेर मांडवात भाषणासाठी आबांना हाका मारत होते. ते त्या वर्गातून हलले नाहीत.