उकळलेल्या पिना

स्टरिलायझरचं झाकण उघडलं आणि लाखेचा वास आला. सकाळचे साडेआठ वाजले होते. चिमटे, सुया उकळायच्या त्या भांड्यात आमच्या हॉस्पिटलच्या पाच पिना होत्या. खरं तर पिना अशा उरल्याच नव्हत्या. चांदीचे पत्रे एकीकडे, पाठी दुसरीकडे आणि पाणी काळं. शेजारी द्वारका मोठा चिमटा हातात धरून उभी होती. त्यातलीच एक पिन संध्याकाळी पाच वाजता तिच्या पदरावर लागायची होती.

“बाई, ह्ये काय झालं?” ती म्हणाली.

काय झालं ते मला तिच्याआधी कळलं होतं. मीच तिला सांगितलं होतं, “पिना उकळून घे.”

बाहेरच्या लोकांना पिनेचं एवढं काय, ते सांगायला हवं. तीन वर्षं शिकून परीक्षा पास झालेल्या मुलीला हॉस्पिटल आपली पिन देतं. रुपयाएवढी असते, डाव्या खांद्याशी लावायची. सर्टिफिकेट ट्रंकेत राहतं, पिन अंगावर राहते. ती पाहून पेशंटला कळतं की ही शिकाऊ नाही. डॉक्टरही जरा नीट बोलतात, म्हणजे काही डॉक्टर.

आमचं हॉस्पिटल चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, चाळीस खाटांचं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीच्या माळावर तेव्हा पहिले कारखाने उभे राहत होते आणि बाकी सगळीकडे ज्वारी. आमच्याकडे पिना मोजक्याच होत्या, कधीकाळी एका सोनाराकडून घडवून घेतलेल्या. म्हणून एक पद्धत पडली होती. नर्सने नर्सिंगचं कामच सोडलं की पिन परत करायची आणि ती पुढच्या मुलीला मिळायची. मागे नंबर कोरलेला, आणि कुठला नंबर कुणी कुणी लावला याची एक वही. समारंभाला आलेल्या पाहुण्यांना ही पद्धत फार थोर वाटायची. नव्या पिना करायला ट्रस्टी तयार नव्हते, हे त्यांना कोण सांगणार?

त्या वर्षी फ्लूची साथ होती. व्हरांड्यात सतरंज्या टाकून पेशंट झोपवले होते. निम्म्या नर्सेस स्वतःच तापाने पडलेल्या. मी सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सेसना शिकवणारी, पण त्या आठवड्यात वर्ग बंद आणि मी वॉर्डात. दोन दिवस पायातली चप्पल काढली नव्हती. सकाळी कपाटातून पिनांची डबी काढली तेव्हा डोक्यात एकच गोष्ट आली. यातली एक पिन परत करणारी मुलगी क्षयाने आजारी होऊन मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये गेली होती. मग काय, हाताला लागलेली सवय. आजाऱ्याकडून आलेली वस्तू उकळायची. डबी द्वारकाच्या हातात दिली आणि म्हटलं, “वीस मिनिटं उकळून घे, मग पुसून ठेव.” पिना आतून पोकळ आहेत आणि पोकळीत लाख भरलेली आहे, हे वहीत लिहिलेलं होतं. मी स्वतः ते वाचलं होतं. दागिने घालणाऱ्या कुठल्याही बाईने त्या पिना रांगोळीने घासल्या असत्या. उकळण्याचं खूळ आम्हा नर्सेसनाच सुचणार.

नऊ वाजता आम्ही ट्रे घेऊन मेट्रनबाईंसमोर उभ्या होतो. मेट्रनबाई अहमदनगरच्या, सहा फुटांना दोन इंच कमी. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची.

“कुणी उकळल्या?”

“मी,” द्वारका म्हणाली.

“कुणाला विचारलंस?”

द्वारकाने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली फरशीकडे पाहत राहिली. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. माझी ट्यूटरची नेमणूक तात्पुरती होती, महिनाअखेर कायम व्हायची होती. तेवढं एक कारण. दुसरं कारण याहून साधं. मी इतकी दमले होते की तोंड उघडायचासुद्धा कंटाळा आला होता. मनात म्हटलं, आधी पिना दुरुस्त होऊ देत, मग सांगू.

मेट्रनबाईंनी टांगा जोडायला सांगितला आणि मला चिंचवडगावात सोनाराकडे पाठवलं. म्हाताऱ्या सोनाराने पत्रे उलटेपालटे करून पाहिले.

“बाई, ह्यांना पाण्यात कुणी टाकलं?”

“उकळल्या.”

“चांदी उकळून शिजती व्हय?” तो म्हणाला आणि शेगडी फुंकायला लागला. त्याच्या ओट्यावर भिंतीला टेकून मी पेंगले. जागी झाले तेव्हा चार पिना तयार होत्या. पाचवीचा पत्रा वर्षानुवर्षं घासून कागदासारखा झाला होता. शेक लागताच फाटला. “ही आता पिन न्हाई, मोड हाय,” असं म्हणून त्याने तो तुकडा माझ्या हातावर ठेवला.

परत आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मेट्रनबाईंनी चार पिना डबीत लावल्या आणि फाटका पत्रा पाकिटात घातला.

“चौघींना मिळतील. द्वारका पुढच्या वर्षी, पुढच्या बॅचबरोबर.”

“मॅडम, वर्षभर?”

“हातात दिलेली वस्तू जिने मोडली, तिलाच ती नाही मिळाली. यात कुणावर अन्याय आहे, सिस्टर?”

मी खोलीबाहेर आले. व्हरांड्यात द्वारका एका पेशंटच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. ती चाकणच्या पुढच्या एका वाडीतली. अठराव्या वर्षी नवरा गेला, पदरात मुलगी. मुलीला भावाकडे ठेवून ती इथे शिकायला आली होती. संध्याकाळी पिंपरीच्या एका नव्या कारखान्याचे डॉक्टर पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्या दवाखान्याला नर्स हवी होती, राहायला खोलीसुद्धा मिळणार होती. अट एकच, पिन मिळालेली नर्स. शिकाऊ नको. खोली मिळाली की मुलीला आणायचं, हे द्वारकाने सगळ्या हॉस्टेलला सांगून ठेवलं होतं. भावजय आता पोरीला ठेवून घ्यायला तयार नव्हती. नऊ वाजल्यापासून द्वारकाने मला काहीच विचारलं नव्हतं. रडत असती तर बरं झालं असतं.

मी मागे फिरले.

“मॅडम, उकळायला मी सांगितलं होतं.”

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. त्याही दोन दिवस घरी गेल्या नव्हत्या. डोळे लाल झाले होते.

“हे नऊ वाजता का नाही सांगितलं?”

“हिंमत झाली नाही.”

“चार वाजलेत, सिस्टर. आता मी पाचवी पिन कुठून आणू? तुमच्या पश्चात्तापाची घडवू?”

बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. मेट्रनबाईंनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग टेबलावर हात पसरला.

“तुमची काढा.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगते. राग आला. नऊ वर्षं ती पिन माझ्या खांद्यावर होती. ती मिळवताना मी टायफॉइडमधून उठून परीक्षा दिली होती. चूक कबूल केली, एवढ्याने भागायला हवं होतं, असं वाटलं. पिन काढली. पदराला दोन भोकं राहिली.

“नेमणुकीचं मी बघेन,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आज ट्रस्टींना काही सांगत नाही. पण दुसरी पिन तुम्हाला लवकर मिळेल, अशी आशा ठेवू नका.”

पाच वाजता समारंभ झाला. दिवे लावले, शपथ झाली. ट्रस्टींनी भाषण केलं, त्यात पिना पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात हे कौतुकाने सांगितलं. द्वारकाचं नाव पाचवं. मेट्रनबाईंनी पिन लावली, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. कारखान्याचे डॉक्टर पुढे येऊन तिच्याशी बोलले आणि सोमवारी यायला सांगून गेले.

पाहुण्यांचा चहा सुरू झाल्यावर ती माझ्याकडे आली. पिन उलटी करून मागचा नंबर तिने पाहिला असावा.

“बाई, ही तुमची हाय.”

“आता तुझी.”

ती पाया पडायला वाकली. मी अडवलं. मग न राहवून विचारलं, “सकाळी माझं नाव का नाही घेतलंस?”

“मला वाटलं, तुमी सांगाल.”

“सांगितलं की.”

“व्हय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “पर साऱ्या दिवसात मी तीनदा पेटी भरली, बाई. गावी जायाची.”

मी तिच्या पदरावरची पिन सरळ केली. सोमवारी ती पिंपरीला गेली आणि पंधरा दिवसांत मुलीला घेऊन आली.

नेमणूक कायम झाली. पिन मात्र मला दीड वर्षाने मिळाली. तोवर नवा पेशंट आला की माझ्या खांद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “तुमी नवीन काय? जरा मोठ्या बाईंना बोलवा.” मी बोलवायची. पुढे तीस वर्षं मुलींना शिकवलं. उकळण्याचा धडा आला की सांगायची, उकळण्याआधी वस्तू कशाची बनली आहे ते पाहा. आणि चूक झाली असेल तर ती त्याच तासाला सांगा, कारण तुम्ही दम खात असता तेव्हा दुसरं कुणीतरी पेटी भरत असतं.