दहाच्या गाडीचा दगड

बैल रुळांच्या मधोमध बसला तेव्हा मला हसू आलं होतं. हे आधीच लिहून ठेवते. पुढचं सांगताना ते लपवावंसं वाटतं.

बैल उस्मानचाचांचा होता. उस्मानचाचा पिंजारी. आमच्या फाटकापलीकडच्या गावात गाद्या-रजया भरायचे आणि बैलगाडीत घालून खामगावला विकायला न्यायचे. डाव्या बाजूला जुना बैल होता, उजवीकडे नवा गोऱ्हा जुंपलेला. गोऱ्ह्याने रूळ कधी पाहिले नव्हते. पहिला रूळ ओलांडला, दुसऱ्याला खूर लागला, आणि तो तिथेच बसला.

"भाभी, हा कमबख्त उठत नाही," चाचा म्हणाले.

"बसू द्या चाचा. गाडीले अजून लय टाइम हाये," मी म्हणाले, आणि त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी जलंब-खामगाव लाईनीवर फाटकवाली होते. नवरा फाटकावर होता. तो वारल्यावर रेल्वेने त्याच्या जागी मला ठेवलं. काम सांगायला सोपं. गाडीची वेळ झाली की रस्ता बंद करायचा, गाडी गेली की उघडायचा. दिवसा हिरवी आणि लाल झेंडी, रात्री कंदील. शिवाय एका टिनाच्या पेटीत फटाके. दिवाळीचे नव्हेत. ती चपटी डबी असते, पट्टीने रुळावर बांधायची. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा बार होतो, आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे धोका आहे, थांबायचं.

घड्याळ मात्र आमच्या फाटकाला नव्हतं. सासरे फाटकावर आले तेव्हाही नव्हतं. त्यांनी फाटकाच्या खांबाच्या सावलीवर काम बसवलं होतं. अंगणात चुना लावलेले दगड मांडलेले असत, दिवसाच्या प्रत्येक गाडीचा एक. खांबाच्या सावलीचं टोक त्या दगडाला टेकलं की फाटक लावायचं. ऋतू बदलला की सावली बदलते, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी दगड बोटभर सरकवायचा. गाडी येईल तेव्हा सावली कुठे आहे ते पाहायचं, दगड तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर अलीकडे ठेवायचा. ढग असले तर सकाळपासून फाटक बंद, आणि कोणी आलं तर कान लावून, दोन्हीकडे पाहून सोडायचं. सासऱ्यांनी नवऱ्याला शिकवलं, नवऱ्याने मला. मला ही पद्धत फार बरी वाटे, कारण तिच्यात कोणाला काही विचारावं लागत नसे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी पदर ओढून बाजूला होते. स्टेशन मास्तरांशी मी सात वर्षांत सात वाक्यं बोलले नसेन.

हे बेचाळीस सालचं आहे. लढाई चालू होती. ऑगस्टात चळवळ पेटली, कुठे तारा तोडल्या, कुठे रूळ उखडले अशा बातम्या रोज येत. म्हणून आमच्या लाईनीवर पहाटेची गाडी बंद केली होती आणि गाडीत बंदूकवाले शिपाई बसू लागले होते. सकाळची पहिली गाडी आता दहाची.

ऑगस्टच्या शेवटच्या संध्याकाळी किसन मुकादम आला. मुकादम म्हणजे लाईन दुरुस्त करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. त्याने माझ्या उंबऱ्यापाशी काठी टेकली आणि म्हणाला, "बाई, उद्यापासून सगळ्या हिंदुस्थानचं घड्याळ एक तास पुढं. मास्तरनं सांगितलं."

"काऊन?"

"लढाईसाठी. आज जिथं नऊ वाजतेत तिथं उद्या दहा वाजतीन. गाड्या नव्या घड्याळावर."

मला धक्काच बसला. पाऊस, थंडी, ऊन कोणाच्या हुकमाने बदलत नाही, तशीच वेळ, असं मी धरून चालले होते. मी विचारलं, "आन सूर्य?"

"सूर्याले अजून हुकूम भेटला नसन," मुकादम म्हणाला आणि हसत निघून गेला.

त्या संध्याकाळी मी दगडांपाशी बराच वेळ बसले. घड्याळ पुढे गेलं, तेव्हा दगडही पुढे गेला पाहिजे, असं मी ठरवलं. सावली जिकडे सरकत जाते तिकडे, एका तासाच्या अंतराने, मी सगळे दगड उचलून ठेवले. ठेवल्यावर मनात काहीतरी खुपलं. वाटलं, स्टेशन दोन मैल आहे, जाऊन मास्तरांना विचारावं. मग मास्तर, पोर्टर, तिकिटाच्या खिडकीपाशी उभे असलेले लोक डोळ्यांपुढे आले. मुकादमाने सांगितलंच आहे, आता काय विचारायचं, असं म्हणून मी घरात गेले.

आता कोणालाही कळेल की मी उलटं केलं. आजचे नऊ म्हणजे उद्याचे दहा. मग दहाची गाडी उद्या सूर्याच्या नऊलाच येणार, म्हणजे दगड मागे घ्यायला हवा होता. मी तो पुढे नेला. एक तास इकडून, एक तास तिकडून. माझा दगड जिथे हवा त्याच्या दोन तास मागे राहिला.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला छान उघडीप होती. सावली स्वच्छ पडली होती. टोक दगडापासून लांब होतं. फाटक उघडं होतं, गोऱ्हा रुळात बसला होता, चाचा त्याच्या शेपटीला पीळ देत होते आणि मी दारात उभी राहून पाहत होते.

तेवढ्यात रूळ वाजू लागले.

फाटकावर राहणाऱ्याला तो आवाज चुकत नाही. गाडी दिसायच्या आधी रुळातून बारीक गुणगुण येते. माझ्या पायांना ती कळली, कानांना कळली. आणि मी काय केलं, तर दगडाकडे पाहिलं. सावली लांब होती. मी मनाशी म्हणाले, छे, गाडी नाही, टोळीची ढकलायची ट्रॉली असेल. किती वेळ मी तशी उभी राहिले ते सांगता येत नाही. चार श्वास असतील, दहा असतील. ते श्वास मला अजून परत घ्यावेसे वाटतात.

मग जलंबच्या बाजूला बाभळींच्या वर धूर दिसला.

मी पेटी उघडली, फटाके आणि लाल झेंडी घेतली आणि धुराच्या दिशेने पळाले. जाता जाता ओरडले, "चाचा, जू सोडा." फटाके तीन लावायचा नियम आहे, थोड्या थोड्या अंतराने. पहिला बांधताना पट्टी रुळाखाली जाईना, मग कशीबशी गेली. दुसरा बांधला. तिसरा हातात होता तेव्हा इंजिन वळणावरून पुढे आलं. मी रुळाच्या बाजूला झाले आणि झेंडी हलवत राहिले. दोन बार झाले. मग चाकं घासल्याचा आवाज, आणि डबे एकामागून एक माझ्याजवळून गेले. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा गाडी थांबली होती.

मागे जाऊन पाहिलं. इंजिन आणि बैलगाडीत वीस पावलं होती. चाचांनी जू सोडलं होतं. जुना बैल रस्त्यावर उभा होता. गोऱ्हा तिथेच बसलेला, आणि चाचा त्याच्या गळ्याला मिठी मारून. ते पळून गेले नव्हते.

गाडीतून पोलीस जमादार आणि दोन शिपाई उतरले. त्यांना गोऱ्ह्याचं काय. त्या दिवसांत रुळावर काहीही आडवं सापडलं की तो घातपात. जमादाराने चाचांना गळपट्टी धरून उठवलं. कोणी पाठवलं, गाडी कोणासाठी थांबवली, बरोबर कोण होतं. चाचा गोऱ्ह्याकडे बोट दाखवत राहिले. शिपायांनी बैलगाडीतल्या गाद्या फाडून पाहिल्या, कापूस वाऱ्यावर उडाला. मी माझ्या दाराच्या चौकटीला धरून उभी. कोणी मला काही विचारलं नाही, आणि मी काही बोलले नाही.

मग जमादाराची नजर अंगणात गेली. चुना लावलेले दगड, ओळीने, रुळापासून चार हातांवर.

"ही कसली खूण आहे? कोणी मांडली बे?" त्याने चाचांना विचारलं.

उस्मानचाचा या फाटकातून मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून जात होते. ते दगड कशाचे हे त्यांना चांगलं माहीत होतं. सासऱ्यांशी त्यावर त्यांची थट्टा चालायची. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहिलं.

"मले नाही माहीत साहेब," ते म्हणाले. "मी तं रस्त्यानं जाणारा माणूस."

जमादाराने त्यांच्या तोंडात मारली. हातात बेडी घातली.

मला तेव्हा समजलं की हा माणूस माझं फाटक वाचवतो आहे. आणि फाटक म्हणजे माझी खोली, माझी चूल. ते गेलं तर भावाच्या दारात उभं राहावं लागणार होतं. तेवढ्यात खामगावकडून लाईनचे साहेब ट्रॉलीवर आले. रूळ आणि फाटकं यांची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे. मद्रासी होते, हिंदुस्थानी बोलायचे. जमादार त्यांना दगड दाखवू लागला. मी अंगणात उतरले.

"दगड माहे हायेत," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल," जमादार म्हणाला.

"दगड माहे हायेत. चाचाची चूक नाही. फाटक मी उघडं ठेवलं होतं."

एकदा सुरू झाल्यावर मी सगळं सांगितलं. इतकं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. साहेबांना आधी पटेना. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, सावलीच्या टोकाशी काठीने रेघ ओढली आणि दहाचा दगड कुठला ते विचारलं. मी दाखवला. काल कुठे होता, तेही दाखवलं. तिथे चुन्याचा डाग होता. साहेब डागाजवळ उभे राहिले, दगडाकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मग बुटाने दगड ढकलत डागाच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूला नेला.

"इधर रखना था," ते म्हणाले.

"हाव साहेब."

"कितने साल से ये चलता है?"

"सासऱ्यापासून. चाळीस वर्षं झाली असतीन."

"और कोई गाडी चुकी?"

"आजवर एक बी नाही."

साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धक्का बसला असावा. गाड्या दगडांच्या भरवशावर जात होत्या हे वर कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी घड्याळ परत खिशात ठेवलं. मग जमादाराला म्हणाले, बेडी काढा, हा रेल्वेचा मामला आहे.

मुकादम आला, चौघांनी मिळून गोऱ्ह्याला उचललं. उचलल्यावर तो आपल्या पायांनी रूळ ओलांडून गेला, जसं काही झालंच नाही.

पंधरा दिवस मला फाटकावरून दूर ठेवलं. खोली सोडायला सांगितलं नाही, एवढंच बरं. मग रिपोर्ट आला. मास्तरांनी वाचून त्याचा अर्थ सांगितला. रस्त्यातलं जनावर रुळावर बसलं, फाटकवालीने नियमाप्रमाणे फटाके लावून गाडी थांबवली, तिला फाटक वेळेत बंद करण्याची ताकीद द्यावी. दगडांबद्दल एक अक्षर नव्हतं. दगड लिहिले असते तर चाळीस वर्षं घड्याळ का दिलं नाही, तेही लिहावं लागलं असतं. महिन्याने फाटकावर घड्याळ आलं. ते रोज सात मिनिटं मागे पडायचं, म्हणून दगडही मी ठेवलेच.

मास्तरांच्या खोलीत पुढे एक पाटी लागली होती. पहिली गाडी कधी सुटली, खामगावची लाईन कोणत्या तारखेला उघडली, उघडायला कोण लाटसाहेब आले, असं सगळं तिच्यावर होतं. माझी तारीख तिच्यावर नव्हती. ते ठीकच झालं. चांगल्या फाटकवालीची तारीख कुठेच लिहिलेली नसते.

तीन वर्षांनी लढाई संपली आणि ऑक्टोबरात पुन्हा हुकूम आला, घड्याळ एक तास मागे. मुकादम सांगून गेला. मी त्याच पावली पायात वहाण घालून दोन मैल चालत स्टेशनवर गेले. खिडकीपाशी माणसं होती, पोर्टर होता. मी सगळ्यांसमोर मास्तरांना विचारलं, "उद्या दहाची गाडी सूर्याच्या आजच्या जागेच्या आधी येणार का मागून?"

लोक हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, मागून, एक तास मागून. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी न हसता.

दुसऱ्या दिवशी गाडी बरोबर मास्तरांनी सांगितलेल्या वेळी आली. मी फाटक तासभर आधीच लावून बसले होते. उस्मानचाचांसकट सात बैलगाड्या अडकल्या आणि सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. चाचांनी दिल्या नाहीत. ते जू धरून खाली उतरले, फाटकाखालून वाकून आत आले आणि रुळाला कान लावून बसले.