काकूचा रेल्वे पास

काकू एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. पोट शिवायच्या आधी गॉजचे तुकडे मोजायचे, हे तिचं काम. तिचा आकडा जुळेपर्यंत मोठमोठे सर्जन सुई हातात धरून ताटकळायचे. एकदा एक तुकडा कमी भरला, तेव्हा "मी हो म्हणेपर्यंत टाका घालायचा नाही," असं तिने डॉक्टरांना सुनावलं. तो पोटातच सापडला. तेव्हापासून तिच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे, आणि पुढे तेच भोवलं.

निवृत्तीनंतर तिने युरोप ठरवला. चार देश, सोळा दिवस, एकटीने. रेल्वेचा पास घ्यायचा की सुटी तिकिटं काढायची, ते बघायचं काम माझ्यावर आलं, कारण पुतणी म्हणजे घरची हक्काची हमाल. शनिवारची अख्खी दुपार तिच्या जेवणाच्या टेबलावर घालवून मी निकाल दिला.

"काकू, तुझे प्रवास मोजून पाच. तारखा ठरल्यात, हॉटेलं ठरलीत. मनात येईल तिथे उतरणाऱ्यांसाठी असतो पास. तुला नको."

"मला पासच हवाय."

"अगं, तू दूधवाल्याची वेळ बदलू देत नाहीस, तू कुठे मधेच उतरणार?"

ती हसली नाही. तिने नकाशावर तिसऱ्या देशातल्या मार्गावर बोट ठेवलं आणि जरासं बाजूला, एका शहरावर सरकवलं. त्या शहरात तिची धाकटी बहीण राहते.

मला सगळं माहीत होतं, फक्त घरात तो विषय काढायची सोय नव्हती. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी होती, तेव्हा धाकटीने फोनवर विचारलं होतं, "लगेच निघू का?" काकूने नाडी पाहिली, रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, "अजून वेळ आहे, सुट्टी मिळाली की ये." तिसऱ्या दिवशी आई गेली. धाकटी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानंतर ती काकूशी एक शब्द बोललेली नाही.

"तिकीट काढलं की जावंच लागेल," काकू म्हणाली. "पास असला तर त्या दिवशी सकाळी बघेन. धीर झाला तर जाईन."

मला तिचा राग आला. तरी मी लॅपटॉपवर गाडी शोधली. त्या शहराला दिवसाला एकच गाडी, आणि पास असला तरी जागा आधी राखून ठेवावी लागते. पासवाल्यांच्या जागा तिच्या सोळाही दिवसांत भरलेल्या. साध्या तिकिटाच्या, एकाच तारखेला, तीन उरल्या होत्या.

"काकू, पासवर तिथे जाताच येणार नाही. तिकीट आत्ताच काढावं लागेल."

"उद्या सांगते."

मी पान पुन्हा उघडलं. "दोन राहिल्या."

ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. "दारच उघडलं नाही तिने तर?"

मी पुन्हा पान उघडलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. आकडा तिनेच वाचला. एक.

"काढ," ती म्हणाली.

मी नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर भरला. घाईत एक अक्षर चुकलं, ते खोडून पुन्हा भरलं. काकू माझा खांदा घट्ट धरून उभी होती. शेवटी ती जागा तिच्या नावावर लागली.

"परतीचं कोणत्या तारखेचं काढू?" मी विचारलं.

"ते नको काढूस," काकू म्हणाली. "किती दिवस राहू, ते तिला विचारेन."