नंबर मिळाल्याशिवाय गाडी निघत नाही

बारडोलीकडे जाणाऱ्या रेल्वे लाईनवर माझं फाटक आहे. दहावीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण इथं बसून रोज काहीतरी कानावर पडतं. लक्षात ठेवावं असं ठरवत नाही, तरी किस्से साचत जातात. चारचौघांत मला बोलता येत नाही, फक्त फाटकाच्या फोनवर येतं. त्यामुळं घरचे काळजीत आहेत, कारण माझं लग्न जमवायचं आहे आणि मुली काही फोनवर बघता येत नाहीत!

*

आमची स्वतःची भाषा आहे. गाड्यांवर नजर ठेवणारं कंट्रोल ऑफिस म्हणजे सासू, कारण दर दहा मिनिटांनी विचारणार, "कुठवर आलं?" जिच्यासाठी बाकी सगळ्या गाड्या बाजूला उभ्या करायच्या, ती सुपरफास्ट म्हणजे जमाई. भरलेली मालगाडी गाभण, रिकामी भाकड.

मध्यंतरी वरून फर्मान आलं. फोनवर फक्त अधिकृत शब्द वापरायचे! दोन दिवस सगळे इतकं शुद्ध बोलले की कुणाचं कुणाला कळेना. तिसऱ्या दिवशी खुद्द कंट्रोलचा साहेब फोनवर ओरडला, "अरे वो सब छोडो! जमाई किधर पहुंचा?"

*

इन्स्पेक्टर तपासणीला निघाला की लाईनभर निरोप जातो, "पाऊस येतोय." मग टेबलं पुसली जातात, टोप्या सापडतात, न हसणारी माणसं हसायला लागतात.

एकदा इन्स्पेक्टर साहेब अचानक आमच्या स्टेशनात उतरले. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन भिकाभाऊंनी त्यांच्यासमोरच पुढच्या स्टेशनला फोन लावला. अगदी सहज आवाजात म्हणाले, "इकडं पाऊस पडला हो."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाऊस? आमच्या वेळी आम्ही 'वादळ' म्हणायचो. माझी किंमत एवढी कमी झाली का?"

तेव्हापासून त्यांना वादळच म्हणतात. साहेब खूश आहेत!

*

आता प्रायव्हेट नंबर. गाडी यायची असली की स्टेशन मास्तर पाटीलसाहेब मला फोन करतात. मी फाटक बंद करून कुलूप लावतो आणि माझ्याकडच्या शीटवरचा दोन आकडी नंबर त्यांना सांगतो. ते तो परत म्हणतात, त्यांचा नंबर मला देतात, मी परत म्हणतो. मगच सिग्नल. एकदा नंबर दिला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही. आमच्यात नुसत्या 'हो'ला काही किंमत नाही.

हे पाटीलकाकूंना वीस वर्षं ऐकून पाठ झालंय. एकदा त्यांनी साहेबांना फोन केला, "अहो, आज पाहुणे आहेत, लवकर या."

"हो."

"हो नको. नंबर द्या!"

साहेबांनी हसत नंबर दिला आणि नेहमीप्रमाणे उशिरा घरी गेले. काकू दारातच उभ्या. "नंबर देऊन फाटक उघडं ठेवलं की सस्पेंड करतात ना? मग आज तुमचं जेवण सस्पेंड!"

*

एकदा बंद फाटकासमोर एक लांबलचक गाडी थांबली. काच खाली झाली. "ए भाई, खोल ने! हूं कोण छूं, खबर छे?"

मला खरंच खबर नव्हती. मी प्रामाणिकपणे फोन उचलला, "साहेब, एक जण विचारतोय, तो कोण आहे."

"त्याच्याकडे प्रायव्हेट नंबर आहे का?"

"नाही."

"मग कुणी नाही."

*

एक पिवळा सिग्नल म्हणजे पुढं लाल असणार असं धरून चालायचं. रजेचा अर्ज दिल्यावर साहेब "बघू" म्हणाले तर तो एक पिवळा. मुलीकडचे "कळवतो" म्हणाले तर तोही.

मुलगी बघून आलो की भिकाभाऊ विचारतात, "काय सिग्नल शे रे भाऊ?" मी एक बोट वर करतो. आता तर ते विचारतही नाहीत, लांबूनच माझं बोट बघतात.

*

गोडादऱ्याला मनीषाला बघायला गेलो, तिथंही तसंच व्हायचं होतं. ती पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या ऑफिसात काम करते. मी पोह्यांच्या बशीकडे बघत बसलो होतो. तिनंच विचारलं, "फाटकावर दिवसभर करता काय?"

पोह्यांकडे बघतच मी सगळं सांगितलं. नंबर कसा द्यायचा, परत कसा म्हणायचा, नुसतं 'हो' का चालत नाही. माझ्या घरचे चकित होऊन माझ्याकडे बघत होते.

तिचे वडील म्हणाले, "बरं. कळवतो."

मी भिकाभाऊंना बोट दाखवलं. आठवडा गेला. आईनं कामरेजचं दुसरं स्थळ काढलं आणि रविवारी जायचं पक्कं करून टाकलं.

शनिवारी ड्यूटी संपली. शीट पुढच्या माणसाच्या ताब्यात देऊन मी हात धूत होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला. नंबर अनोळखी.

"त्रेसष्ट," एक मुलगी म्हणाली.

"कोण?"

"त्रेसष्ट. परत म्हणा."

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "सहा-तीन, त्रेसष्ट."

"आता तुमचा."

शीट हातात नव्हती. मनाचा नंबर द्यायचा नाही, असा कडक नियम आहे.

"सत्तावीस," मी म्हणालो.

"दोन-सात, सत्तावीस. लिहून घेतला," ती म्हणाली. "आता फाटक उघडू नका!"