समाजमंदिरातली अंगणवाडी

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि शिक्रापूरजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्यही. अंगणवाडी समाजमंदिरात भरायची, त्यामुळे लग्न, साखरपुडा काहीही निघालं की तिला सुट्टी. गावातल्या पोरांना घरी आज्या होत्या. परगावाहून कंपन्यांत कामाला आलेल्या भाडेकरूंच्या पोरांपायी मात्र त्यांच्या आयांचा खाडा व्हायचा, आणि खाडे वाढले की ठेकेदार कामावरून काढायचा.

ग्रामसभेत मी ठराव मांडला, कार्य कुणाचंही असो, अंगणवाडी बंद राहणार नाही. लहानपणी मेंदू कसा वाढतो, तेही समजावून सांगितलं.

एक आप्पा म्हणाले, "भाषण झाक झालं, पोरी. पण ती लोकं मतदान त्यांच्या गावाला करत्यात. त्यांच्यापायी आपुन लग्नं उन्हात लावायची व्हय?"

"आप्पा, तुमच्या चाळीत कोण राहतं?"

"तीच की."

"बाईचं काम गेलं तर ती लोकं खोली सोडतील. मग खोल्यांत काय, कडबा भरणार?"

सभा हसली. आप्पाही हसले आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मेंदूसाठी एकही हात आला नव्हता, भाड्यासाठी सगळे आले. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. पुढच्या लग्नाचा मांडव शाळेच्या मैदानात पडला. बँड वाजत होता, पोरं आत बडबडगीतं म्हणत होती आणि त्यांच्या आया कामावर होत्या.